मशीनमधलं दुसरं नाव

कोंडाबाईनं बंद करायचं बटण दाबलं, पण मशीन बंद होईना. पडद्यावर एक चौकोन आला. ‘आणखी एक वापरकर्ता आत आहे,’ असं त्यात लिहिलं होतं. खाली नाव होतं, रायभान. आणि त्यापुढं बारीक अक्षरात, दूरस्थ.

रायभान म्हणजे तिचा नवरा. त्याला घरातून जाऊन सात वर्षं झाली होती.

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता भर दुपारी ते तिच्यासमोर उभं होतं. तिनं सरळ वायर उपसली आणि किती तरी वेळ ती हातात धरून बसली.

मशीन तसं साधं होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या अमृतनं, तिच्या मुलानं, आठ वर्षांपूर्वी आपला जुना कॉम्प्युटर गावी, चुडाव्याला, आणून बसवला. नवी विंडोज त्या म्हाताऱ्या डब्याला पेलवेना, म्हणून त्यानं लिनक्स घातली. आत दोन नावं केली, आधी आबाचं, मग मायचं.

“फुकट हाय व्हय?” तिनं विचारलं होतं.

“फुकट. कुणा एकाच्या मालकीचं न्हाई माय. जगातली मानसं मिळून करतेत, ज्याला पायजे त्यानं वापरायचं.”

“मंजी गायरान,” कोंडाबाई म्हणाली.

सातवी शिकलेली बाई हळूहळू त्यात रुळली. कोणती मेंढी कधी व्याली ते मराठीत लिहून ठेवायची. नातीचं, चंदाचं, तोंड पडद्यावर बघायची. उजव्या हाताच्या एकाच बोटानं टाइप करायची, कारण डावं मनगट मोडलं होतं आणि ते नीट बसलं नव्हतं. कशानं मोडलं असं कुणी विचारलं तर म्हणायची, पडले.

रायभान सकाळच्या गाडीनं पूर्णेला जातो म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. चौकीत तिनं हेच सांगितलं. जंक्शनवरून माणूस कुठल्या गाडीत बसेल याचा काय नेम? अमृत फोटो घेऊन नांदेड, मनमाड, पार तिरुपतीपर्यंत हिंडला. कोंडाबाई मात्र घर सोडून एक दिवस हलली नाही. “मानूस आलं आन् दाराला कुलूप दिसलं तर?” ती म्हणायची. त्यावर सगळ्या आळीचे डोळे पाणावले.

“पिऊन कसाबी वागला तरी हिनं कुंकू पुसलं न्हाई,” शेजारची बायनाबाई येईल त्याला सांगायची. “अशी बाई दिवा घेऊन हुडकावी लागंल.”

यंदा अमृतनं वकिलाकडून कागद करून घेतला. सात वर्षं पत्ता नसला की कोर्टात अर्ज देऊन माणूस वारला असं ठरवून घेता येतं. मग विधी करता येतील, आबाचा जीव असा लटकत राहायचा नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. कोंडाबाईनं फोनवर हो म्हटलं. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, मशीननं ते नाव दाखवलं.

पुढच्या गुरुवारी परत तेच झालं. तिसऱ्या गुरुवारीही. दूरस्थ म्हणजे दूर असलेला, एवढं तिला कळत होतं. दूर असलेला आज ना उद्या जवळ येणार, हे कुणी सांगायला नको होतं. तिचं जेवण तुटलं. दिवसाउजेडी ती आतून कडी घालू लागली. बाज तिनं परसाकडं तोंड करून टाकली आणि तिथंच नजर लावून बसू लागली. स्टेशनावरची पायवाट परसातूनच येते, म्हणून बायनाबाईला त्याचं काही नवल वाटलं नाही.

रविवारी अमृत रजा काढून, कागद घेऊन आला. मायची हाडं वर आलेली त्याला दिसली.

“म्या सही करत न्हाई,” ती म्हणाली.

“माय, सात वर्षं झाली. आता काय ऱ्हायलंय?”

“मेलेलं मानूस मशीनमंदी येतंय का रं?” तिनं पडद्याकडं बोट केलं. “तीन बेस्तरवारी आलं. त्यांचं नाव हुतं. मशीन म्हनलं, आत हायत.”

अमृतनं मान खाली घातली.

“माय, ते आबा न्हाईत. मीच हाय.”

“तू कसा?”

“मशीनवर पहिलं नाव आबाचं, म्हनून समदा अधिकार त्याच नावाला हाय. काई दुरुस्ती करायची तर त्याच नावानं आत जावं लागतंय. आदी गावाकडं आल्यावर करायचो. आता बेस्तरवारी सुट्टी आसती, तर तिकडनंच करायलोय. पासवर्डबी मीच बदलून घेतला.”

“पुण्यातनं?”

“पुण्यातनं.”

“दुसरं कुनी न्हाई?”

“कुनीच न्हाई.” सात वर्षं जपलेली आशा आपण आपल्याच हातानं विझवली, असं अमृतला वाटलं. “चुकलं माझं माय. तुला आदी सांगायला पायजे हुतं. तुला वाटलं, आबा परत आले.”

“वाटलंच की.”

तिनं कागद ओढून घेतला, पेन घेतला आणि खाली सावकाश, गोल अक्षरात सही केली. मग कधी नव्हे ते तोंडभरून हसली आणि पदरानं कपाळाचा घाम टिपला.

“तूच व्हय रं! म्या म्हनलं, इतकी माती लोटली अंगावर, तरी हे मानूस वर आलं कसं?”