राळ्याचे साक्षीदार

आकाशातून होणाऱ्या पीकपाहणीने सोजरबाईच्या राळ्याला पुन्हा ‘तण’ ठरवलं आणि तणनाशकाचं ड्रोन बांधावर येऊन थांबलं. रानात माणूस असेल तर ते फवारत नसे, म्हणून पेरणीपासून प्रत्येक पाहणीला सोजरबाई पिकात ठाण मांडून बसली होती.

“मावशी, यंत्राच्या यादीत राळाच नाही,” कृषिसेविका हेमलता म्हणाली. “अनोळखी पिकावर पाखरं तुटून पडलेली दिसली, तरच ते त्याला धान्य मानतं.”

कणसं आता भरून वाकली होती. तेवढ्यात चिमण्यांचा थवा उतरला. सवयीने सोजरबाईचा हात गोफणीकडे गेला. तिने गोफणच दूर भिरकावली.

“खा गं बयांनो, पोटभर खा,” ती ओरडली. “पण त्या वरच्या मेल्याला दिसंल असं खा!”