सातची मालिका

आमच्या लेकीचं, दिपालीचं, लग्न झालं त्या साली आमच्या मालकांनी हिंगोलीच्या भंगारवाल्याकडून टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर आणला. तेव्हापासून संध्याकाळी सातला टीव्हीवरून आमचं भांडण ठरलेलं.

"अहो, माझी मालिका लागली! ती वायर काढा."

"थांब की, याची मेमरी वाढवून राहिलो. आता यात मराठी अक्षरं मावतील."

"मावू द्या. मला कुठं वाचता येतं?"

"म्हनून तर!"

त्यांनी पडद्यावर माझ्या नावाचा, नर्मदाचा, 'न' उमटवून दाखवला. दुसऱ्या दिवसापासून सातला मीच बटणं दाबत अक्षरं जुळवायला बसू लागले.



मालिकेतली सासू पोळ्याच्या दिवशी वारली, हे मला शेजारच्या सत्यशीलेकडून दसऱ्याला कळलं.