पहिला नंबर

“घरातलं सगळ्यात कढत पाणी तुम्हालाच हवं असतं, बाबा,” टॉवेल हातात देत मी म्हणाले. जानेवारी होता आणि बाबांना खोकला झाला होता. तरी ते हसत बाथरूममध्ये शिरले. “पहिला नंबर माझाच! तुझा सूर्यनारायण म्हाताऱ्यांचं आधी बघतो.”

गच्चीवर सोलर मीच बसवला होता. विजेचा गीझर काढून टाकला. त्या दिवसापासून पहिली आंघोळ बाबांनी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. पाचव्या दिवशी न्यूमोनियाने ते गेले.

तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि पहिल्यांदाच मी सगळ्यांच्या आधी आंघोळीला गेले. गरम पाण्याचा नळ सोडला. एक बादली भरली, दुसरी भरत आली, तरी पाणी गारच.

“आई, सोलर बिघडलाय गं.”

“बिघडला नाही,” आई दाराबाहेरून म्हणाली. “रात्रभर पाइपात साचलेलं पाणी आधी येतं. आठवड्यातून एकदा नळ येतो आपल्याकडे, दोन बादल्या ओतून कशा द्यायच्या? ते त्या गार पाण्यातच आंघोळ उरकायचे. ‘तिनं हौसेनं बसवलाय, सांगू नकोस,’ म्हणायचे.”

बाबांचा टॉवेल अजून खुंटीवरच होता. मी गार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला आणि मोठ्याने म्हणाले, “खोकताय तुम्ही, बाबा. थांबा. आज पहिला नंबर माझा.”