एक ओळ पुढं

कसबा बावड्याच्या देवळात काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं. कीर्तनकार आण्णांचा मुलगा यशराज खांबाशी लॅपटॉप घेऊन रेकॉर्डिंगला बसला होता. कुठला माइक कुणाच्या ताब्यात द्यायचा, हे ठरवणारा लॅपटॉपमधला प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्यानं स्वतः लिहिला होता.

तरी एक माइक त्यालाच मिळेना. पडद्यावर एकच उत्तर: वापरात आहे.

"कोण धरून बसलंय?" शेजारी बसलेल्या बहिणीनं, राजनंदिनीनं विचारलं.

"कोण न्हाय गं. वायर काढून माझ्या हातात हाय की!"

त्यानं त्याच माइकचा आवाज ऐकायला हेडफोन लावला. आत आण्णाच गात होते, पण एक ओळ पुढं. आत जे ऐकू येई, तेच मग आण्णा टाळकऱ्यांपुढं म्हणत. मधला खोकलासुद्धा तोच.

"दादा, आण्णांना धाप लागलीया. थांबवूया?"

"हंडी फुटायच्या आधी? जीव गेला तरी थांबायचे न्हाईत ते."

तेवढ्यात हेडफोनमधला आवाज विठ्ठलाच्या अर्ध्या नावावर तुटला. पडद्यावर आलं: माइक मोकळा आहे.

समोर आण्णांनी प्रसन्न हसून श्वास घेतला आणि तीच ओळ उचलली.