भजन आणि वरात

“हे मी वाजवणार नाही.” दस्तगीर मास्तरांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला आणि वाद्यवृंदातले तीस वादक थबकले.

तालीम तिसऱ्यांदा इथेच अडली होती. चेलोंवर अंत्ययात्रेचं संथ भजन, जोडीला टाळ, आणि त्यांच्यावर मास्तरांनी वरातीची उडती धून वाजवायची, तीही वेगळ्या सुरात, वेगळ्या लयीत.

“ताई, प्रेत जाताना वरातीचा बँड थांबतो. चाळीस वर्षं लग्नांत वाजवतोय, हे कधी मोडलं नाही.”

“एकदा मोडलंत,” संगीतकार ऊर्मिला म्हणाली. “पेठेतल्या चौकात. नाचणाऱ्या पोरांनी तुम्हाला थांबू दिलं नाही. तिरडीवर माझे वडील होते. भाऊ नव्हता, म्हणून मडकं माझ्या हातात होतं. नऊ वर्षांची होते मी. तेव्हापासून ते भजन आठवलं की तुमचा ट्रम्पेट त्यावर वाजतोच. म्हणून तुम्हालाच शोधून आणलं.”

मास्तर बराच वेळ ट्रम्पेट पुसत राहिले. मग त्यांनी तो ओठांना लावला.

भजनावर वरात चढली. सुरांवर सूर घासू लागले. वाद्यवृंदाला इशारे देणारी ऊर्मिलाची छडी आणखी जोर मागत होती. ऐन टिपेला मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला आणि ते खुर्चीवरून उठून मान खाली घालून उभे राहिले.

कागदावर तिथे थांबायचं लिहिलेलं नव्हतं. चेलो आणि टाळ चालूच राहिले. ऊर्मिलाची छडी हवेत तशीच राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिला नुसतं भजन ऐकू येत होतं.