झाडांच्या शेंड्यांपर्यंत

"आता पाडा," मिसेस डिक म्हणाल्या.

सावचकने त्यांच्याकडे पाहिले. विमान चालवायला शिकवणाऱ्या सिम्युलेटरच्या डाव्या खुर्चीत त्या कोट न काढताच पट्टा बांधून बसल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी त्याच्या हातात घरच्या पावांची पिशवी दिली होती. मोठ्या पावावर छोटा पाव बसवलेले, दुमजली. "कॉर्नी म्हणायचा, तुम्ही दुपारी नुसती कॉफी पिता. तीही डांबरासारखी." त्यांच्या मुलाला, कॉर्नीला, पुरून अजून महिना झाला नव्हता. पिशवी आता बटणांच्या फळीवर होती आणि त्या बंद खोलीत लोण्याचा वास भरला होता.

"पाडायचं कशाला?" सावचक म्हणाला. "उतरवून दाखवतो. कॉर्नी निघाला होता तीच उत्तरेकडची धावपट्टी लावलीय."

"उतरवलेलं मी पाहिलंय. आमचे पाद्री म्हणाले, पोरगा शेवटपर्यंत झुंजला असेल. त्यांना बसमध्येसुद्धा मळमळतं, त्यांना काय माहीत? तुम्ही त्याला शिकवलंत. तुम्ही सांगा."

"झुंजला असेल."

"असेल नको."

सावचक मागच्या, शिकवणाऱ्याच्या खुर्चीत बसला. त्याने पडद्यावर हिमवर्षाव लावला आणि विमानाच्या पंखांवर बर्फ चढवला. कॉर्नीच्या विमानावर चढला होता तसा. खोली थरथरू लागली. नाक खाली गेले. खालचे काळे रान वर येऊ लागले, आणि त्यातल्या स्प्रूसच्या झाडांचे शेंडे एकेक सुटे दिसताच सावचकने बटण दाबले.

थरथर थांबली. समोर पुन्हा आकाश होते. धावपट्टी दूर, विमान सरळ, उंचावर.

"हे काय झालं?"

"मागे नेलं. म्हणजे पुन्हा प्रयत्न करता येतो."

"पण आपण पडलो कुठे?"

"पडू देत नाही मी कुणाला. ही खोली हलवणारे यंत्राचे पाय दणका खाऊन बिघडतात, मग मालक माझ्यावर ओरडतो. पोरांचाही धीर जातो. शेंडे दिसले की पुरे. चूक काय झाली ते तोवर कळलेलं असतं."

"आणि पोरं काय करतात तेव्हा?"

"म्हणतात, 'लॉर्न, पुन्हा.' आणि हात सोडतात. मी बटण दाबलं की हे सुकाणू आपोआप नव्या जागी फिरतं. कुणी धरून ठेवलं तर आतली मोटर जळते. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, पुन्हा म्हणायचं आणि हात सोडायचे."

मिसेस डिकनी मान वळवली.

"लॉर्न कोण?"

"मी."

"तुम्ही तर मिस्टर सावचक."

"इथे सगळे लॉर्नच म्हणतात. कॉर्नीसुद्धा."

"घरी कधी म्हणाला नाही. मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारलेली त्याच्या बापाला खपत नाही."

त्या पुन्हा समोर पाहू लागल्या. पडद्यावरचे विमान कुणी न चालवता हळूहळू धावपट्टीकडे सरकत होते. सावचकने ते थांबवले.

"तिकडच्या धावपट्टीवर रेडिओ सांभाळणारा माणूस मातीला आला होता," त्या म्हणाल्या. "कॉर्नीचा शेवटचा आवाज त्यानं ऐकला. विमानात नुसतं सामान आणि कॉर्नी एकटा. पण त्या माणसाला वाटलं, आत आणखी कुणीतरी आहे. बिचारे लोक बर्फात दोन दिवस दुसरं प्रेत शोधत होते. चौकशीवाल्यांनी मला विचारलं, लॉर्न कोण. मी म्हटलं, आमच्यात कुणी लॉर्न नाही."

सावचकला विचारायचे नव्हते.

"काय म्हणाला कॉर्नी?"

"तुम्ही आत्ता सांगितलंत ते. पोरं म्हणतात ते."

पावांची पिशवी घसरत होती, ती सावचकने उगाच सरळ केली.

"लहानपणी त्याला गोऱ्ह्यानं कुरणभर फरफटत नेलं होतं," मिसेस डिक म्हणाल्या. "बाप ओरडतोय, सोड गाढवा, सोड. यानं कासरा सोडला नाही. कोपरं सोलून निघाली. तो हात सोडणारा मुलगा नव्हता." त्यांनी दोन्ही हात सुकाणूवर ठेवले. "पुन्हा पाडा. या वेळी बटणाला हात लावू नका."

"मिसेस डिक..."

"यंत्राचे पाय मोडले तर मालकाला आमच्याकडे पाठवा. माझा नवरा सगळं जोडतो."

सावचकने पुन्हा बर्फ चढवला. नाक खाली गेले. त्याने हात मांडीवर ठेवले होते. मिसेस डिकनी सुकाणू छातीशी ओढून घेतले आणि पाय रोवले. शेंडे सुटे झाले. मग शेंड्यांवरचा बर्फ दिसला, मग बर्फाखालच्या फांद्या. त्याच्याखाली काय असते ते इतक्या वर्षांत सावचकने कधी पाहिले नव्हते.

थरथर थांबली. समोर आकाश होते आणि दूरवर धावपट्टी.

सावचकने खाली पाहिले. त्याचा अंगठा बटणावर होता.

सुकाणू नव्या जागी जायला बघत होते. मिसेस डिकनी ते दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरले होते. आतली मोटर कण्हू लागली.

"हात सोडा," सावचक म्हणाला. "मिसेस डिक, हात सोडा."

त्यांनी सोडले नाहीत. थोड्या वेळाने लोण्याच्या वासात जळकट वास मिसळू लागला.