रोज चिमूटभर

हरिहरच्या हनुवटीवरचं रक्त थांबायला पाऊण तास लागला. वस्तरा नुसता टेकला होता. तुरटी झाली, हळद झाली. शेवटी सुमतीने कापसाचा बोळा दाबून बसवला आणि तो तसाच कामावर निघाला.

"अहो, परवा नाकातून, काल हिरड्यांतून," सुमती म्हणाली. "आज तरी डॉक्टरांकडे जाऊन या."

"उष्णता आहे. तू स्वतःला जप. तुला कुठे काही होत नाही ना? अंगावर कुठे काळंनिळं?"

"मला काय धाड भरलीय?"

हे तो रोज विचारी. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि सुमतीला चौथा महिना लागला होता. एरवी बायको जेवली की नाही याची चौकशी न करणारा हरिहर गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून बेसनाचा एक लाडू घेऊन डोंबिवलीला येई. लाडू स्वतःच्या ताटात ठेवी, त्याला बोटही न लावता जेवून उठे. त्याच ताटात मागून सुमती बसे, म्हणजे लाडू तिचा. चाळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना हरिहरचं उदाहरण देऊ लागल्या. नवरे हरिहरशी बोलेनासे झाले.

हरिहर उंदीर मारायचं औषध विकत असे. सत्तावन्न साली ते औषध नवं होतं आणि लोकांना समजावून सांगावं लागे. त्या दिवशी तो कल्याणला विश्रामशेठच्या तांदळाच्या गोदामात समजावत होता.

"शेठ, उंदीर आपल्यापेक्षा हुशार. एक तडफडून मेला की बाकीचे त्या वाटेला जात नाहीत. हे तसं नाही. चव नाही, वास नाही. गोडात कालवून रोज चिमूटभर. रक्त गोठायचं विसरतं, बस. आतल्या आत कारभार आटोपतो. सोबत्यांना वाटतं, वय झालं होतं."

"आणि उंदराला काय वाटतं?"

"त्याला वाटतं, आपल्यावर कुणाचा तरी जीव आहे."

विश्रामशेठने सहा डबे घेतले.

दुपारी ठाण्याच्या कचेरीत सोबतच्या श्रीपादने हरिहरच्या जेवणाच्या डब्यात डोकावून पाहिलं. "आजपण गोड पोळी? हऱ्या, माझ्या बायकोने एकदाच दिली होती, तीपण तिच्या भावासाठी केलेल्यातली उरलेली. वहिनींनी असा काय अपराध केलाय, की रोज गोड?"

"दिवस गेल्यापासून सुचतंय तिला काहीतरी."

"एक तुकडा दे ना रे."

"नाही मिळणार." हरिहरने पोळी संपवली, बोटाने कण टिपून तेही खाल्ले. तोंड पुसलेलं फडकं लाल झालं, ते त्याने घडी घालून खिशात ठेवलं.

घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर औषधाचा नमुन्याचा डबा होता. तीन आठवड्यांत तो निम्म्यावर आला होता. घरात उंदीर एकही नव्हता.

संध्याकाळी हरिहर ठाण्यातल्याच आपल्या डॉक्टरांकडे गेला आणि बसायच्या आधीच भांडू लागला. "तुमच्या त्या पिवळ्या गोळ्या! लघवीच्या जळजळीवर दीड वर्ष गिळायला लावल्यात. त्यांनीच रक्त पातळ झालंय माझं."

"त्यांनी रक्ताला काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरंच होतं. बरं झालं आलात, मी तुम्हाला निरोपच धाडणार होतो. मागे तुमची तपासणी केली तेव्हा मी म्हणालो होतो, बीज औषधालाही नाही, मूल होणं शक्य नाही. आठवतं?"

हरिहरला आठवत होतं. त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"चूक माझी. परवा एका परदेशी मासिकात आलंय. त्या गोळ्यांनी पुरुषाचं बीज थांबतं. गोळ्या बंद केल्या की काही महिन्यांत पुन्हा सुरू. तुम्ही कधी सोडल्यात?"

"गणपतीत."

"बायकोचं काय?"

"चौथा महिना."

डॉक्टरांनी बोटांवर महिने मोजले आणि हात पुढे केला. "अहो, मग पेढे कुठायत?"

हरिहरने तो हात धरला नाही. म्हणाला, "डॉक्टर, मी विकतो ते औषध कुणी तीन आठवडे खाल्लं आणि आज बंद केलं, तर वाचेल?"

"कुणी खाल्लं?"

"उंदराने."

"उंदीर मी तपासत नाही. माणूस असेल तर आत्ताच्या आत्ता इस्पितळात हलवा. इंजेक्शन असतं, पण त्यालाही वेळेत पोचावं लागतं. अहो थांबा, तुमची ती हनुवटी..."

हरिहर जिना उतरून गेला होता. कापसाचा बोळा पायरीवर पडला होता.

सुमती तांदूळ निवडत होती. त्याने आल्या आल्या तिचे दोन्ही हात धरले, बाह्या वर केल्या, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या.

"लाडू किती खाल्लेस? खरं सांग! ऊठ, इस्पितळात जायचंय."

सुमती घाबरली. मग तिची मान खाली गेली. "शेजारच्या हेमावहिनींनी सांगितलं ना तुम्हाला? रागावू नका. बेसनाच्या वासानेच मला उमळून येतं हो. पहिल्या दिवसापासून एकही लाडू घशाखाली उतरलेला नाही."

"एकही नाही?"

"शप्पथ."

हरिहर तिथेच जमिनीवर बसला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला. दात लाल झाले होते. सुमतीने पदराने त्याची हनुवटी टिपली, पदर भिजला, तिने दुसरं टोक घेतलं.

"टाकून दिलेस ना सगळे?" तो म्हणाला. "शहाणी माझी."

"इश्श, अन्न कुणी टाकतं का? आणि तुम्ही इतक्या मायेने आणलेलं," सुमती म्हणाली. "रोज सकाळी कुस्करून तुमच्याच पोळीत भरते."